भिंतीकडच्या कोपऱ्यातली खरपुडी

"बाईंच्या शेजारचा हा कोपरा आधी साफ करून घेऊ. किती गवत माजलंय बघा."

हे तुझे जुने विद्यार्थी दाविदकाका म्हणाले, माझ्या मागे उभे राहून, अगदी हळू. तुझी पेटी नुकतीच खाली गेली होती, आत्या, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे होते. त्या गवतात खरपुडी फुलावर आलेली होती आणि तुला उचलून आणणाऱ्यांपैकी एकाचा बूट एका झाडाच्या अगदी कडेला टेकला होता. 'आमेन' होईपर्यंत मी त्या बुटावरून नजर काढली नाही. लोकांना वाटलं असेल, पोरगी मान खाली घालून रडते आहे.

जुन्या रांगा भरल्या म्हणून तुला भिंतीकडे जागा मिळाली. तिथं वीतभर मातीखाली खडक लागतो. खणणाऱ्यांना पहार लावावी लागली, आणि खड्डा वेळेत होतो की नाही म्हणून पपा सकाळपासून दोनदा जाऊन आले. तुला हे आवडलं असतं की नाही, मला ठरवता येत नाही. तू त्या कोपऱ्याजवळ गेलीस हे बरं झालं. पण तू गेलीस म्हणूनच आता सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं.

तू मला तिथं पहिल्यांदा नेलंस तेव्हा मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतून सप्टेंबरच्या सुट्टीला नगरला आले होते. तुझ्या हातात पाण्याची बादली होती. कबरस्तानात बादली घेऊन जाणाऱ्या बाईला कोणी काही विचारत नाही, हे तू मला पुढे सांगितलंस. ते पाणी तू जी कबर आधी लागेल तिच्यावरच्या सदाफुलीला ओतून टाकायचीस. त्या दिवशीही तसंच केलंस आणि रिकामी बादली घेऊन थेट कोपऱ्यात गेलीस.

"पालथी झोप."

"फ्रॉक खराब होईल."

"धुऊ. झोप आधी."

मी झोपले. डोळ्यांसमोर नुसतं गवत होतं. मग तू बोटानं एक पात बाजूला केलीस आणि जे गवत वाटत होतं त्यातलं एक गवत नव्हतं, हे मला दिसलं. पानं गवतासारखीच अरुंद, आणि मध्ये एक फूल, करंगळीच्या पेराएवढं. तळाशी फुगीर, वर बारीक नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या. फूल उमललेलं होतं, तरी पाकळ्यांनी टोकाशी एकमेकींना धरून ठेवलं होतं. कोणी लहानसा कंदील टांगावा तसं. बाहेरून हिरवट, आतून वांग्याच्या सालीसारखं जांभळं.

मी इंग्रजीत म्हटलं, की हे काही फार सुंदर नाही.

"मला कळलं," तू म्हणालीस, "त्याला नाही कळलं. मराठीत सांग."

मराठीत मी काहीच म्हटलं नाही. तू हसलीस. मग एक मलूल झालेलं फूल दाखवलंस. त्यातून एक चिलट बाहेर आलं, जरा वेळ पंख पुसत बसलं आणि उडून गेलं. तू सांगितलंस, की चिलट आत शिरलं की नळीतल्या केसांमुळे त्याला परत फिरता येत नाही. फूल सुकायला लागलं, केस गळाले, की मग सुटका.

"मारत नाही?"

"कशाला मारील? काम झालं की सोडते. आपल्या बोर्डिंगच्या बाईसारखी आहे ती."

त्यानंतर मी दर सुट्टीत तिथं आले. पाऊस लागला की जमिनीतून एक बारीक हिरवी काडी वर येते. भाद्रपदात फूल. मग शिंगांच्या जोडीसारख्या दोन शेंगा, त्यातून म्हातारीसारखं बी उडतं. दिवाळीपर्यंत वर काही शिल्लक राहत नाही, सगळं खाली कंदात. नाताळाआधी आपले लोक कबरस्तान साफ करायला येतात तेव्हा खुरप्याला लागायला तिथं काही नसतं. इतकी वर्षं ती राहिली ती अशी. आपण जाणून तिला कधी जपलं नाही. आपल्या सफाईचा महिना आणि तिच्या झोपेचा महिना एकच निघाला, एवढंच.

बाकीचं तू मला बऱ्याच वर्षांनी सांगितलंस, रेशनची ज्वारी निवडताना. मी कॉलेजात जायला लागले होते. तू अनाथाश्रमातून आमच्या घरी आलीस, आजोबांनी तुला शिकवलं, पपांनी तुला आक्का म्हटलं म्हणून तू माझी आत्या झालीस, हे मला माहीत होतं. त्याआधीचं तू कधी बोलत नसायचीस. बोलायला लागलीस की तुझं शाळेतलं मराठी मागे पडायचं.

"दुष्काळात पाथर्डीकडनं आम्ही चालत आलो. आईबाप वाटंतच ऱ्हायले. मी आन् नामा, दोघंच पोचलो." नामा तुझा धाकटा भाऊ. "आश्रमात एक वेळ पेज मिळायची. मग पोरं भिंगारच्या पुढल्या माळावर जायची, खरपुडी उकरायला. पाऊस लई नव्हता पडला, पर खरपुडीला तेवढा पुरतो. नामाला तिचं पान लांबनं दिसायचं. कंद कच्चाच खायचो. काकडीसारखा लागतो, मागनं जरा गोड. आम्ही तो सगळा माळ खाऊन टाकला, रूथ. उंदरांनी उकरल्यासारखा. फुडच्या वर्षी चांगला पाऊस झाला, गवत आलं, सगळं आलं. ती आली न्हाई."

"मग कबरस्तानात कशी राहिली?"

तू सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकलास. अनाथाश्रमातल्या मुलांना मयतीत गीत म्हणायला नेत असत. एका मास्तरांच्या मयतीला तुम्ही सगळे भिंतीशी रांगेत उभे होतात, आणि गीताच्या मध्येच नामा खाली बसला. त्याला पान दिसलं होतं. तो बोटांनी माती उकरायला लागला. तू त्याच्या हातावर थापड मारलीस. तो रडत रडत उठला आणि रडतच उरलेलं गीत म्हणाला. मास्तरांच्या बायकोनं नंतर त्याला जवळ घेतलं, म्हणाली, या लेकराला किती वाईट वाटलं.

"मेलेल्यांच्या उशाचं खात न्हाईत, म्हटलं त्याला."

"आणि भूक?"

"हुती की."

पहिल्या महायुद्धात नामा पलटणीबरोबर गेला आणि परत आला नाही. त्याची कबर कुठंच नाही. म्हणजे बादली घेऊन तू कुणाला भेटायला जायचीस हे मला त्या दिवशी कळलं. तू म्हणालीस, "ती ऱ्हायली ती माझ्या थापडेनं. चांगलं केलं का वाईट, अजून ठरत न्हाई." मी तुझ्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेली ज्वारी निवडली. तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते आजही मला सुचलेलं नाही, त्यामुळे त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

आपलं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

मी खरपुडीचं चित्र काढून कॉलेजात प्राध्यापकांना दाखवलं होतं. जागा सांगितली नव्हती, फक्त 'नगरकडे' म्हटलं होतं. त्यांनी जाड पुस्तकाची पानं उलटसुलट केली आणि म्हणाले, या जातीच्या बऱ्याच वनस्पती आहेत, पण असा आतला रंग आणि अशी नळी मी पाहिलेली नाही. कदाचित तुमच्या त्या कोरड्या माळावरच होत असेल, जगात दुसरीकडे कुठंच नाही. कंदासकट एक झाड आणा. पुढच्याच सुट्टीत मी दौंडला गाडी बदलून घरी आले, आणि ट्रंक खाली ठेवायच्या आधी तुला हे सांगितलं. इतकं सलग मी घरात कधी बोलले नसेन.

"कंदासकट?" तू विचारलंस.

"पूर्ण झाड दाबून वाळवून ठेवावं लागतं."

"म्हणजे मारून."

"एक, आत्या. एकच."

"नामापण एकच म्हणायचा."

"तिला नाव मिळेल."

"आहे की नाव. खरपुडी."

"तसं नाही. जगात सगळीकडे कळेल असं. मग लोक तिला जपतील."

"कुठले लोक? मी बघितलेत लोक. कळलं त्यांनी उकरली. ज्यांना नाही कळलं त्यांच्यामुळं ती राहिली."

मी म्हटलं, की कोणाला माहीत नसेल तर एक दिवस कोणीतरी न बघता तिच्यावर पाय देईल, आणि ते चुकलं असंसुद्धा कोणाला वाटणार नाही. भिंगारच्या पुढचा माळ आता लष्कराकडे आहे, तिथं रणगाडे फिरतात. समजा तिथं एखादी परत उगवली असती, तर कोण सांगणार होतं त्यांना? तू उठून चुलीकडे गेलीस. पाठमोरीच म्हणालीस, "तू बोलत नाहीस, म्हणून तर तुला दाखवलं."

आत्या, तुझ्या सगळ्या बोलण्यातलं हे वाक्य माझ्याजवळ सर्वांत जास्त राहिलं आहे. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता आणि रागही आला होता. घरात, शाळेत, चर्चमध्ये सगळे माझ्या न बोलण्याला खोड म्हणायचे. पाळकसाहेबांची बायको तर माझ्यासमोरच आईला विचारायची, "हिला ऐकू येतं ना?" एकटी तू त्याला उपयोगाची गोष्ट मानलीस. पण मी बडबडी असते तर तू कोणाला नेलं असतंस? हे विचारायचं राहिलं. झाड कंदासकट न्यायचं की नाही, तेही राहिलं. दर वर्षी तू म्हणायचीस, "पुढच्या पावसाळ्यात बघू."

या पावसाळ्यात तुला ताप आला. भेटायला माणसांची रीघ लागली होती. निम्म्या नगरला तू बाराखडी शिकवलीस, आणि ती सगळी मोठी माणसं खाटेजवळ हात मागे बांधून उभी राहायची, वर्गात उभी राहायची तशी. तू डोळे उघडून एकच विचारायचीस, "निघाली का?" कोणी म्हणे, बाईंना पुण्याच्या गाडीची काळजी लागली आहे. कोणी म्हणे, शाळेची घंटा. मी रोज बादली घेऊन जात होते. काडी वर आली तेव्हा मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "निघाली." नंतर एकदा म्हटलं, "कळी आहे." फुलाचं सांगायला आले तेव्हा तुला ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं मात्र.

आता दाविदकाकांचं. मयतीच्या दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि पपांना म्हणाले, की बाईंच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून ठरवलं आहे. येत्या रविवारी स्मरणार्थ उपासना झाली की तिथूनच सगळे कुदळ-फावडी घेऊन कबरस्तानात जायचं. तो कोपरा हातभर खणून काढायचा, खालचे दगड उपसायचे, गावातून गाडीभर चांगली माती आणून टाकायची आणि भिंतीपर्यंत झेंडूचा आणि शेवंतीचा वाफा करायचा.

"बाईंना फुलांची किती हौस," ते म्हणाले. "कायम बादली घेऊन तिकडंच असायच्या."

पपांचे डोळे भरून आले. मी चहाचे कप उचलून आत गेले.

हात धुऊन मी बाहेर आले तेव्हा काका गेले होते. मी पपांना सांगितलं, की त्या कोपऱ्यात एक दुर्मीळ झाड आहे, आत्या त्याला जपायची. पपा माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना हे कळलेलं नव्हतं, याचं त्यांना लागलं असावं. "एवढंच ना? काढून दुसरीकडे लाव की," ते म्हणाले. मी म्हटलं, कंद दगडांच्या फटीत आहेत, निघणार नाहीत. "मग दाविदला सांग."

"तुम्ही सांगा ना."

"मला काय माहिती आहे त्यातली? मी काय सांगू? लोकांचं प्रेम आहे, रूथ. नको म्हणायचं तर नीट कारण लागेल. आणि ते तुझ्याकडे आहे."

शनिवारी मी लहान खुरपं घेऊन गेले. एखादा कंद तरी निघतो का पाहावा, परसात लावून बघावा. खुरपं खडकावर वाजलं. जरा तिरकं घातलं तर काडीच हलायला लागली. मी माती परत दाबली. तिथं बसून मला पहिल्यांदा कळलं, की आपलं भांडण आता माझ्या एकटीकडे आलं आहे आणि त्याचा निकाल उद्या लागणार आहे. तुझ्या बाजूनं गप्प राहिले, तर उद्या संध्याकाळी तिथं झेंडू असेल. माझ्या बाजूनं बोलले, तर सगळ्या मंडळीला कळणार, आणि तू चाळीसएक वर्षं जे कोणाला सांगितलं नाहीस ते मी चर्चमध्ये उभी राहून सांगितलं असं होणार. तू तिथं हाताच्या अंतरावर होतीस. तुझ्यावरच्या मातीला अजून भेगा गेल्या नव्हत्या. मी तुला विचारलं नाही. तू म्हणाली असतीस, पुढच्या पावसाळ्यात बघू.

रविवारी चर्च भरलं होतं. बाहेर पायऱ्यांशी कुदळी, फावडी, घमेली भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि कोणी उशिरा आलं की त्यातलं काहीतरी घसरून वाजायचं. तुझ्या आठवणी सांगायला एकेक जण उठला. एकानं सांगितलं, की बाईंनी मला पाढ्यांसाठी अंगठे धरून उभं केलं आणि मग स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. एक मोठे हवालदार म्हणाले, की मी अजून 'ळ' काढताना मागे वळून बघतो. लोक हसले, मीही हसले. सगळं खरं होतं, आत्या. त्या सगळ्या गोष्टींत तू होतीस. फक्त तू पालथी झोपलेली, गवतात नाक खुपसलेली, कोणाकडेच नव्हतीस.

"आणखी कोणी?" दाविदकाकांनी विचारलं. मग कोणी नाही असं धरून ते गीताचा आकडा सांगायला लागले.

मी उभी राहिले. आईनं माझा पदर धरला, तिला वाटलं मला चक्कर येते आहे. मी म्हटलं, "त्या कोपऱ्यात कुदळ लावू नका." आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या दोन बाकांनाच ऐकू गेला असेल. काका म्हणाले, "काय गं बाळ?"

मग मी परत सांगितलं. सांगताना आधी इंग्रजी शब्द आले. ते सोडून मराठीत पहिल्यापासून सुरुवात केली. ते गवत नाही, म्हटलं. आत्या फुलांसाठीच जायची, पण सदाफुलीसाठी नाही. तिथं तिची एक वनस्पती आहे, ती पावसाळ्यातच वर येते, दुसरीकडे कुठं असल्याचं आम्हाला ठाऊक नाही, आणि आत्ता ती फुलली आहे. तिथं खणलं तर आत्यासाठी म्हणून आपणच ती संपवू. दाविदकाका गोंधळले. त्यांचा चेहरा पडला, आणि मला वाईट वाटलं, कारण त्यांच्या मनात वाफ्याखेरीज काहीच नव्हतं.

"कसली वनस्पती पण?" ते म्हणाले. "नाव काय तिचं?"

मला प्राध्यापकांचं पुस्तक आठवलं. तिथं नाव नव्हतं. एवढ्या लोकांसमोर मी तू घ्यायचीस तेच नाव सांगितलं.

"खरपुडी."

मागच्या बाजूला काठी आपटल्याचा आवाज झाला. शिमोनबाबा उठत होते. तुझ्याबरोबरच अनाथाश्रमात वाढलेले, आता डोळ्यांनी अधू, दर रविवारी दाराजवळच्या बाकावर बसून डुलक्या घेणारे शिमोनबाबा. शेजारच्यानं त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी त्याचा हात झटकला.

"कोन बोलतंय ते?"

"सगुणाबाईंची भाची, बाबा," कोणीतरी सांगितलं.

"खरपुडी म्हनली का ती? खायची खरपुडी?"

मला तुझं म्हणणं ऐकू येत होतं. ज्यांना कळलं त्यांनी उकरली. हा माणूस त्यांच्यातलाच होता. नामाच्या शेजारी बसून त्यानं तो माळ उकरलेला होता.

"ती सपली, पोरी," शिमोनबाबा म्हणाले. "आमीच खाल्ली सगळी. मी सोता खाल्ली. तवापास्नं डोळ्याला न्हाई पडली. नामा लई हुडकायचा. तिचं फूल कसं असतंय त्येबी इसारलो मी आता." मग तोंड माझ्या दिशेनं वळवून, लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हाय व्हय गं अजून?"

आत्या, तू मला न बोलण्यासाठी निवडलं होतंस. मी बाकांच्या रांगेतून बाहेर आले, मागे गेले, आणि शिमोनबाबांचा काठी नसलेला हात धरला.

"आहे, बाबा," मी म्हटलं, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "कुदळी इथंच राहू द्या. चला, दाखवते."